चाक काढलं आणि ब्रेकचे पॅड मिटले, तर

सायकलचं चाक काढलेलं असताना हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला, की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क, म्हणजे चाकावरची चकती, परत आत शिरत नाही. ब्रेक बिघडलेला नसतो. ऑइल काढायच्या फंदात पडू नका.

१. प्लास्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) पॅडच्या फटीत घालून दोन्ही पॅड हलक्या हाताने मागे रेटा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, पॅडचा पृष्ठभाग खरवडला जातो.

२. चाक नीट बसवा आणि ब्रेक घट्ट लागेपर्यंत ब्रेकचा लिव्हर दाबत-सोडत राहा.

३. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात त्या भागाचे) दोन्ही बोल्ट किंचित सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. घासण्याचा आवाज बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो.

यापुढे चाक काढलं, की लगेच पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी अडकवायची. सायकल गाडीतून न्यायची असेल तेव्हा तर नक्कीच.

हे करताना डिस्कला किंवा पॅडला तेल, ग्रीस लागू देऊ नका. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. तेल प्यायलेला पॅड मात्र बदलावाच लागतो.