एअर रायफलचा नीलिंग सराव: आधी बैठक, मग नेम

एक गुडघा जमिनीवर टेकून रायफल चालवण्याच्या पद्धतीला नेमबाज नीलिंग म्हणतात. ती शिकायला बसलेल्याचे लक्ष सर्वांत आधी डाव्या कोपराकडे आणि ट्रिगरकडे जाते. माझ्या मते सुरुवातीचे काही दिवस या दोन्हींकडे पाहण्याची गरज नसते, कारण ही पोझिशन जमिनीपासून वर रचली जाते आणि खालचा थर कच्चा असेल तर वर केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बैठकीत वाया जाते. म्हणून या लेखात रायफल बरीच उशिरा हातात येईल.

ऑलिम्पिकमधील दहा मीटर एअर रायफल स्पर्धा फक्त उभ्याने होते. नीलिंग तेथे येते ते ५० मीटर थ्री पोझिशन या प्रकारात. तरीही नीलिंगचा पाया एअर रायफलवर घालणे सोयीचे असते. धक्का जवळजवळ नसतो, आवाज कमी असतो आणि दहा मीटरच्या जागेत रोज बसता येते. शिवाय टार्गेट फारसे सांभाळून घेत नाही. पूर्ण टार्गेटचा व्यास ४५.५ मिलिमीटर, त्यातील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा, त्यामुळे बैठकीत झालेला बारीकसा फरकही कागदावर लगेच उमटतो. पुढील वर्णन उजव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावे.

नियमांप्रमाणे या पोझिशनमध्ये शरीराचे तीनच बिंदू जमिनीला टेकतात: उजव्या पायाच्या बुटाचे टोक, उजवा गुडघा आणि डावे पाऊल. उजव्या पावलाखाली लोडासारखी एक छोटी गोल उशी घेता येते, तिला नीलिंग रोल म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांत तिची लांबी २५ सेंटिमीटर आणि व्यास १८ सेंटिमीटर यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि रोल वापरायचा असेल तर पाऊल ४५ अंशांपेक्षा अधिक तिरपे वळवता येत नाही.

रोल हा या पोझिशनचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. बसल्यावर उजव्या बुटाचे टोक जमिनीला टेकलेले असते, तळवा मागच्या बाजूला वळलेला असतो, टाच वर असते आणि जेथे आपण लेस बांधतो तो भाग रोलवर विसावतो. शरीराचे निम्म्याहून बरेच अधिक वजन याच टाचेवरून रोलमध्ये उतरते. रोल गच्च भरलेला असेल तर पाऊल त्याच्या पाठीवर डुगडुगते आणि काही मिनिटांतच पावलाच्या वरच्या बाजूला कळ लागते. फार रिकामा असेल तर तो दबत जातो, घोटा ताणला जातो आणि पहिल्या छर्ऱ्याच्या वेळची उंची विसाव्या छर्ऱ्यापर्यंत टिकत नाही. योग्य भरणी एका दिवसात सापडत नाही. आतील वाळू, भुसा किंवा बारीक दाणे एकेक मूठ काढून किंवा घालून, प्रत्येक बदलानंतर किमान दहा मिनिटे बसून पाहावे. बसण्यापूर्वी रोल जमिनीवर आडवा ठेवून तळहाताच्या कडेने त्याच्या मधोमध चार-पाच ठोके द्यावेत. त्याने एक उथळ पन्हळ तयार होते, घोटा त्यात बसतो आणि रोल दोन्ही बाजूंनी त्याला धरून ठेवतो. ही पन्हळ प्रत्येक वेळी सारख्याच खोलीची करण्याची सवय लावून घ्यावी.

आता बसणे. टाच नितंबांच्या मधोमध, माकडहाडाच्या अगदी खाली यायला हवी. अनेक जण नकळत एका नितंबावर बसतात. तेव्हा कंबर एका बाजूला कलते, पाठ ती भरून काढण्यासाठी उलट बाजूला वाकते आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी रायफल हळूहळू एका दिशेला ओढली जाते. टाचेवर पूर्ण भार सोडून बसावे, कंबरेचे स्नायू सैल सोडावेत, पाठ किंचित गोलाकार होऊ द्यावी आणि खांदे पुढे पडू द्यावेत. कवायतीतल्यासारखी ताठ पाठ येथे उपयोगाची नाही, कारण ती ताठ ठेवायला स्नायू लागतात आणि स्नायू थकतात. बैठक बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी मी एक सोपी कसोटी वापरतो: हात मांड्यांवर सैल सोडून डावे पाऊल क्षणभर जमिनीपासून बोटभर वर उचलावे. शरीर पुढे झुकले तर वजन अजून डाव्या पायावर आहे. शांत राहिले तर ते टाचेवर आले आहे.

उजवा गुडघा नेमाच्या रेषेपासून उजवीकडे साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवला की बहुतेकांना मानवते. कोन फार लहान झाला तर बैठकीचा पाया अरुंद होऊन शरीर डावी-उजवीकडे डोलते आणि फार मोठा झाला तर कंबरेला पीळ बसतो. डावी नडगी समोरून पाहताना उभी दिसावी. पाऊल गुडघ्याच्या किंचित पुढे असले तर चालते, पण मागे गेले तर पोटरीचा स्नायू काम करू लागतो. डाव्या पायाचा पंजा थोडा आत वळवला की गुडघा बाहेर पडण्याचे थांबते.

येथपर्यंतचा सराव रायफलशिवाय करावा. आरसा असेल तर त्याच्यासमोर, नसेल तर कोणाला तरी समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगून. पहिल्या आठवड्यात एका वेळी पाच मिनिटे पुरेत, नंतर दर काही दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवावीत. पाय बधिर होणे सुरुवातीला जवळजवळ सर्वांनाच अनुभवावे लागते, पण बधिर पायावर हट्टाने बसून राहणे शहाणपणाचे नाही. मुंग्या येऊ लागताच उठावे, उठताना कशाचा तरी आधार घ्यावा आणि चार पावले चालून मगच पुन्हा बसावे. ज्यांना गुडघ्याचे किंवा घोट्याचे जुने दुखणे आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

रायफल हाती घेतल्यावर पहिला प्रश्न डाव्या कोपराचा. नियम इतकेच सांगतो की कोपराचे टोक गुडघ्याच्या टोकापासून पुढे १०० मिलिमीटर आणि मागे १५० मिलिमीटर या मर्यादेत असावे. टाळायचे ते एवढेच की कोपराचे हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकू नये, कारण दोन गोल हाडे एकमेकांवर घसरतात आणि ती घसरण नळीच्या टोकाशी डावी-उजवीकडची थरथर म्हणून दिसते. उंच माणसे बहुधा कोपर वाटीच्या थोडे पुढे नेऊन दंडाचा मांसल भाग गुडघ्यावर टेकवतात, तर इतर कोपराचे टोक वाटीच्या मागच्या सपाट जागेवर ठेवतात. दोन्ही चालते, समोरून पाहताना पाऊल, गुडघा, कोपर, हात आणि रायफल शक्य तितकी एकाच उभ्या रेषेत असावीत, म्हणजे रायफलचे वजन हाडांवरून सरळ जमिनीत उतरते.

रायफलचे वजन पेलण्याचे काम स्लिंगचे, म्हणजे डावा दंड आणि रायफल यांना जोडणाऱ्या पट्ट्याचे आहे, डाव्या हाताचे नाही. स्लिंगचा पट्टा दंडावर जितका वर, खांद्याजवळ बसेल तितका चांगला, कारण खाली घसरलेला पट्टा दंडातील धमनीवर दाबला जातो आणि प्रत्येक ठोका रायफलपर्यंत पोहोचतो. डायऑप्टरमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्राच्या साइटमधून पाहताना हे अगदी स्पष्ट दिसते: फ्रंट साइटचे (नळीच्या टोकाकडील साइटचे) कडे टार्गेटच्या काळ्या वर्तुळाभोवती स्थिर असते आणि सेकंदाला साधारण एकदा ते टिचकी मारल्यासारखे हलून जागेवर येते. असे दिसले तर पट्टा वर सरकवावा किंवा एक भोक सैल करावा. ताण योग्य असेल तर डाव्या हाताची बोटे पूर्ण सैल सोडूनही रायफल खाली येत नाही. स्लिंग रायफलला तिच्या जोडणीखेरीज कोठेही स्पर्श करणार नाही आणि उजवा हात डाव्या हाताला किंवा बाहीला लागणार नाही, हेही स्पर्धेआधी तपासावे. स्प्रिंगच्या एअर रायफलवर सराव करणाऱ्यांसाठी एक इशारा: तिची पकड थोडी बदलली तरी छर्ऱ्याची जागा बदलते, त्यामुळे घट्ट स्लिंग लावल्यावर साइट नव्याने जुळवावी लागते.

मान वाकवून डोके रायफलकडे नेऊ नये. डोके आरामात उभे ठेवून रायफल गालापर्यंत आणावी आणि त्यासाठी बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) व चीकपीस (गालाला टेकणारा भाग) सरकवावेत. मग डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास सोडावेत, शरीर सैल होऊ द्यावे आणि डोळे उघडावेत. कडे जेथे दिसेल तो त्या बैठकीचा नैसर्गिक नेम. तो टार्गेटच्या बाजूला असेल तर हाताने रायफल ढकलू नये, कारण ढकललेली रायफल ट्रिगर दाबण्याच्या क्षणी पुन्हा मूळ जागी जाऊ पाहते. आडवा फरक असेल तर रोलला केंद्र मानून पूर्ण बैठक फिरवावी. नळी वर न्यायची असेल तर हँडस्टॉप, म्हणजे डावा हात ज्याला टेकतो तो रायफलखालचा सरकता अडसर, स्वतःकडे थोडा आणावा, खाली आणायची असेल तर पुढे सरकवावा. अगदी थोडा फरक डावे पाऊल पुढे सरकवूनही साधतो, कारण त्याने गुडघा आणि त्याबरोबर नळी खाली येते. प्रत्येक बदलानंतर पुन्हा डोळे मिटावेत. हे कंटाळवाणे आहे, पण दहापैकी सात-आठ वेळा उघड्या डोळ्यांना काळे वर्तुळ कड्याच्या आतच दिसू लागेपर्यंत छर्रा भरण्याची घाई करू नये.

पुढचा टप्पा कोऱ्या चाचणीचा, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबण्याचा. मॅच एअर रायफलमध्ये यासाठी बहुधा वेगळी सोय असते, ती वापरावी. स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर छर्ऱ्याशिवाय सोडू नये, आतील पिस्टनला हवेची उशी न मिळाल्याने ती बिघडू शकते. रायफल रिकामी असली तरी नळी सुरक्षित दिशेलाच असावी. श्वास सोडल्यानंतर येणाऱ्या नैसर्गिक विरामात ट्रिगर सुटावा. सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खांद्यावरून उतरवावी आणि नव्याने सुरुवात करावी. ट्रिगर सुटल्यावर दोन सेकंद तसेच थांबून कडे कोठे स्थिरावते ते पाहावे. चांगल्या बैठकीत ते किंचित हलून त्याच जागी परत येते. मग खरे छर्रे, आणि तेही आधी टार्गेट उलटे लावून, कोऱ्या पांढऱ्या बाजूवर, म्हणजे गुणांकडे लक्ष जात नाही आणि गट, म्हणजे छर्ऱ्यांच्या छिद्रांचा पुंजका, किती लहान येतो एवढेच दिसते. येथून पुढे डोळ्यांवर संरक्षक चष्मा, टार्गेटमागे छर्रे अडवणारी पेटी आणि सरावानंतर साबणाने हात धुणे या तीन गोष्टी चुकवू नयेत, कारण छर्रे शिशाचे असतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत फलदायी सराव असा: पाच छर्रे मारावेत, पूर्ण उठावे, रोलची पन्हळ पुसून टाकावी, पुन्हा पहिल्यापासून बसावे आणि पुढचे पाच त्याच कागदावर मारावेत. एकाच बैठकीतले चाळीस छर्रे एका जागी घालणे तुलनेने सोपे असते. आठ वेळा उठून बसल्यावर ते चाळीस एका जागी येणे हे नीलिंग येऊ लागल्याचे लक्षण आहे. त्यासाठी वही लागते. स्लिंगचे भोक कितवे, हँडस्टॉप पट्टीवरच्या कोणत्या आकड्यावर, बटप्लेट किती वर, रोलमध्ये किती मुठी भरणी, हे सर्व तारखेसह लिहावे आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलावी.

कागद वाचायलाही शिकावे लागते. गट आडवा पसरला तर आधी नैसर्गिक नेम आणि नंतर कोपराची जागा तपासावी. उभा पसरला तर श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ट्रिगर सुटत असण्याची शक्यता अधिक. गट लहान असून हळूहळू एका दिशेने सरकत असेल तर काहीतरी बसत किंवा घसरत आहे असे समजावे: पट्टा दंडावरून खाली येत असेल, बटप्लेट जॅकेटवर सरकत असेल, नाहीतर रोल दबत असेल. माझे छर्रे एकदा तीन आठवडे असेच खाली उतरत होते. पहिले पाच नवात, शेवटचे पाच सातात, आणि गट मात्र प्रत्येक वेळी नेटका. मी ट्रिगरचे वजन दोनदा बदलले, साइटचे स्क्रू आवळले, श्वासाची लय बदलून पाहिली. मग एका संध्याकाळी चटई झटकताना तिच्यावर चिमूटभर वाळू दिसली. रोलच्या शिवणीचा एक टाका उसवला होता आणि मी बसलो की तेथून थोडी थोडी वाळू बाहेर पडत होती.