डब्यातली पोळी मऊ राहण्यासाठी

धाकटीच्या डब्यातली पोळी रोज अर्धी परत यायची. "आई, वातड लागते गं." सकाळच्या घाईत कणकेला मुरायला वेळच मिळत नव्हता. आता रात्री ओटा आवरता आवरता कोमट पाण्यात, जरा सैलच मळते. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. हवा लागली की कणीक काळपट पडते, म्हणून तेल. उठल्याउठल्या बाहेर काढते, तोवर थोरल्याची अंघोळ उरकते (उरकली तर!). तवा चांगला तापलेला हवा, मंद आचेवर पोळी वाळते. गरमागरम पोळी डब्यात कोंबली तर वाफेने ओली होते. त्यामुळे आधी सुती फडक्यावर वाफ जाऊ देते, मग तूप लावून गुंडाळते. सासूबाईंना रात्रीची कणीक पटत नाही. त्यांच्यापुरती ताजी मळते.