पूर ओसरीवर आला

शिकवायला लागले तेव्हा ओघवतं वाचन म्हणजे भरभर वाचन, असा माझा पक्का समज होता. रोज स्टॉपवॉच लावायचे, मिनिटाला किती शब्द झाले ते वहीत टिपायचे. आकडे वाढले खरे, पण मुलं जोडाक्षरं गिळायला लागली. पूर्णविरामाला तर कुणी भीकच घालेना.

मग तिसरीतल्या एका मुलीने ‘सकाळी पूर ओसरला’ हे वाक्य बिनचूक वाचलं. म्हटलं, याचं चित्र काढ. तिने घराच्या ओसरीवर चढलेलं पाणी काढलं! ‘ओसरणं’ तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं, मग तिने ओळखीचा शब्द धरला. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांचं १९८६चं सूत्र मी प्रशिक्षणात पाठ केलं होतं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज. यातला गुणाकार मला त्या चित्राने समजावला. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य.

आता शंभरेक शब्दांचा उतारा आधी मीच वाचून दाखवते, थांबे आणि चढउतारांसकट. मग जोडीजोडीने तोच तीन-चारदा. शंभरात दहापेक्षा जास्त शब्द अडले तर उतारा बदलायचा, मुलाला दामटायचं नाही. स्टॉपवॉच मी फेकलेलं नाही, पण ते महिन्यातून एकदाच निघतं आणि आकडा मुलांना सांगत नाही.

उताऱ्यातले नवे शब्द शिकवायला दोन-तीनच निवडा, आणि पुढच्या दहा धड्यांत भेटतील असे. अर्थ फळ्यावर लिहून उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. ‘आणखी काय काय ओसरतं?’ एवढंच विचारलं, तर मागच्या बाकावरून आलं, “बाई, आईचा राग!”

प्रश्न काढताना मात्र सांभाळा. ‘टुमक्याने गिमीला भिसकलं. गिमीला कोणी भिसकलं?’ याचं उत्तर तुम्हीही अर्थ न कळताच दिलंत ना? धड्याखालचे निम्मे प्रश्न असेच असतात. मी ‘असं का वाटतं?’ विचारते आणि गप्प बसते. नव्या शिक्षकाला ही शांतता फार जड जाते. मीही पूर्वी चौथ्या सेकंदाला उत्तर सांगून टाकायचे. आता मनात दहा मोजते. आठ-नऊच्या सुमाराला कुणाचा तरी हात अर्धवट वर येतो.