नेपाळचा नकाशा काढताना

मुलांना नेपाळ शिकवताना मी आधी आमच्या देवघरातला शाळिग्राम त्यांच्या हातात देते. आतल्या चक्रावरून बोट फिरवायला लावते. हा नेपाळमधल्या काली गंडकी नदीतला दगड. चक्र म्हणजे समुद्री जीवाचा ठसा. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता वहीत आडवा आयत काढा, डावं टोक वर, उजवं खाली. लांबी साधारण ८०० किलोमीटर. खाली तराई म्हणजे सपाट मैदान, मध्ये पहाड म्हणजे डोंगर, वर हिमाल म्हणजे बर्फाची शिखरं. कर्णाली, गंडकी, कोशी या नद्या उत्तरेकडून दक्षिणेला ओढा. काली गंडकी मात्र धौलागिरी आणि अन्नपूर्णा या पर्वतांच्या मधूनच न्या. ती दरी फार खोल आहे. सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट पूर्वेला, ८,८४८.८६ मीटर.