एनडीए-सीडीएसचा इंग्रजी उतारा: सराव करताना या चुका टाळा

एनडीएच्या (बारावीनंतर सैन्यदलात अधिकारी व्हायची परीक्षा) तयारीत सगळ्यांत जास्त वेळ गणिताला जातो, त्याखालोखाल जीकेला, म्हणजे सामान्य ज्ञानाला. इंग्रजीचा उतारा मात्र ‘वाचला की जमतो’ म्हणून सोडून दिलेला असतो. मग मॉक टेस्टमध्ये उताऱ्यावरच्या पाचातले तीन प्रश्न चुकतात आणि आपलं इंग्रजीच कच्चं आहे असा समज होतो. शब्दसंग्रहाचं पुस्तक घरी येतं, पाठांतर सुरू होतं, आणि पुढच्या मॉकला पुन्हा तेच. खरं तर उतारा समजावा एवढं इंग्रजी यातल्या बऱ्याच जणांकडे असतं. गडबड होते ती उत्तर शोधताना, आणि त्याहून जास्त सराव करताना.

आधी मार्कांचं बघू. एनडीएच्या जनरल अ‍ॅबिलिटी टेस्टमध्ये १५० प्रश्न आणि ६०० मार्क असतात. त्यातले ५० प्रश्न, म्हणजे २०० मार्क, इंग्रजीचे. एका बरोबर उत्तराला ४ मार्क, आणि चुकीच्या उत्तराला १.३३ वजा. तीन चुकले की चौथ्या प्रश्नाची कमाई गेली. सीडीएसमध्ये, म्हणजे पदवीनंतरच्या सैन्यदलाच्या परीक्षेत, इंग्रजीचा स्वतंत्र पेपर आहे, १२० प्रश्नांचा, १०० मार्कांचा. ज्यांना फक्त ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) बसायचंय त्यांना गणिताचा पेपरच नसतो, त्यामुळे त्यांच्या लेखी परीक्षेचे निम्मे मार्क एकट्या इंग्रजीवर ठरतात. उताऱ्यावर किती प्रश्न येतील ते दर पेपरला बदलतं, पण एनडीएच्या अभ्यासक्रमात हा भाग नेमून दिलेला आहे.

उतारा कळला होता, तरी उत्तर चुकलं

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि तिचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: उत्तर उताऱ्यातून न येता डोक्यातून आलेलं असतं. सीडीएसच्या पेपरात उताऱ्यांच्या आधी स्पष्ट सूचना छापलेली असते की उत्तरं फक्त उताऱ्यातला मजकूर आणि लेखकाचं मत यांवरूनच द्यायची. ती ओळ कोणी वाचत नाही. आणि सैन्यात जायची मनापासून इच्छा असलेल्या मुलांना हा सापळा जास्त बाधतो, कारण शिस्त, शौर्य, नेतृत्व असे विषय आले की त्यांची स्वतःची मतं ठाम असतात. चांगलं वाटणारं विधान दिसलं की हात तिकडे वळतो.

एक नमुना बघू. परीक्षेत हा मजकूर इंग्रजीत असेल, पण सापळा कुठल्याही भाषेत तसाच असतो.

“पराभवाची कारणं शोधताना बहुतेक लेखक शस्त्रं आणि सैनिक मोजतात. रसदीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. अन्न, इंधन आणि दारूगोळा वेळेवर पोचला नाही, तर उत्तम प्रशिक्षण घेतलेली तुकडीही काही दिवसांत निष्प्रभ होते. शौर्याला महत्त्व नाही असं यातून म्हणायचं नाही. पण शौर्याला काम करायला वेळ लागतो, आणि तो वेळ रसद मिळवून देते.”

प्रश्न: लेखकाचं मुख्य म्हणणं काय?

(अ) युद्धात शौर्यापेक्षा रसद जास्त महत्त्वाची असते.
(ब) पराभवाचा विचार करताना रसदीकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. तिच्याशिवाय चांगली तुकडीही टिकत नाही.
(क) शौर्य आणि देशप्रेम हाच सैन्याचा खरा आधार आहे.
(ड) इंधन वेळेवर पोचलं नाही तर तुकडी काही दिवसांत निष्प्रभ होऊ शकते.

‘क’ ऐकायला छान आहे, पण देशप्रेम हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तरीही तो निवडला जातो, कारण निवडणाऱ्याला तो मनापासून पटतो. ‘ड’ला उताऱ्यात आधार आहे, पण तो एका वाक्यातला तपशील झाला, प्रश्न सगळ्या उताऱ्याचा आहे. खरा फसवा पर्याय ‘अ’. वाचताना रसदीचं पारडं जड वाटलेलं असतं, म्हणून तो लगेच पटतो. पण शौर्य आणि रसद यांत मोठं कोण, असं लेखकाने कुठेही म्हटलेलं नाही. उलट शेवटून दुसऱ्या वाक्यात तो शौर्याची बाजू सांभाळून घेतो. तुलना आपण केली, लेखकाने नाही. उत्तर ‘ब’. त्याच्या पहिल्या भागाला उताऱ्यातली पहिली दोन वाक्यं आधार देतात आणि दुसऱ्या भागाला तिसरं.

सरावात करायचं ते एवढंच: पर्यायावर खूण करण्याआधी उताऱ्यातल्या ज्या वाक्यावरून ते उत्तर निघालं त्यावर बोट ठेवायचं. वाक्य सापडलं नाही तर ते उत्तर तुमचं आहे, लेखकाचं नाही. सुरुवातीला याने वेग निम्म्यावर येतो. येऊ द्या. काही आठवड्यांत बोट ठेवायची गरज उरत नाही, नजर आपोआप त्या वाक्याकडे जाते.

अनुमानाच्या प्रश्नातही हाच नियम लागतो. ‘उताऱ्यावरून काय सूचित होतं’ असं विचारलं की मुलांना वाटतं, आता कल्पनेला मोकळीक मिळाली. तशी ती मिळत नाही. उताऱ्यातलं विधान खरं धरलं तर जे खरं असायलाच हवं, तेवढंच अनुमान. वरच्या उताऱ्यावरून ‘रसदीच्या अभावी प्रशिक्षण वाया जाऊ शकतं’ असं म्हणता येईल. ‘सैन्याने प्रशिक्षणावरचा खर्च कमी करून रसदीवर वाढवावा’ असं म्हणता येणार नाही.

दोन पर्याय बाद होतात, उरलेल्या दोनांत अडकतो

इथवर पोचलात म्हणजे वाचन ठीक आहे. उरलेले दोन पर्याय एकमेकांशी ताडून बघण्यात वेळ घालवू नका, कारण दोन्ही चांगलेच दिसणार. ते तसे दिसावेत म्हणूनच लिहिलेले असतात. प्रत्येक पर्याय वेगळा धरून उताऱ्याशी ताडा, आणि तो का बरोबर आहे हे शोधण्याऐवजी त्यातला कुठला शब्द खोटा पडतो ते शोधा. आख्खा पर्याय एका शब्दाने पडतो. उताऱ्यात ‘फार थोड्यांचं लक्ष जातं’ असेल आणि पर्यायात ‘कोणाचंच लक्ष जात नाही’ असेल, तर तो गेला. इंग्रजीत मोस्ट, सम, ओन्ली, मे, मस्ट असे बारके शब्द हे काम करतात आणि घाईत नेमके तेच डोळ्यांखालून निसटतात.

मात्र एक शिकवण इथे अपाय करते. ‘ऑल, नेव्हर, ऑलवेज दिसलं की पर्याय चूक’ असं बऱ्याच ठिकाणी सरसकट सांगितलं जातं. लेखकानेच तेवढं ठाम विधान केलं असेल तर ठाम पर्यायच बरोबर असतो. शब्द टोकाचा आहे का, हे बघण्यापेक्षा उतारा त्या टोकापर्यंत गेलाय का, हे बघा.

आणि तरीही दोनच उरले, ठरत नाही, तर? सोडून द्यायचं की मारायचं? आकडे सरळ आहेत. चारही पर्याय सारखेच वाटत असताना अंदाजाने खूण केली, तर सरासरीने हाती काहीच येत नाही; चारातलं एक बरोबर आल्याचे ४ मार्क तीन चुकांमध्ये संपतात. दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील तर एनडीएत सरासरी प्रत्येक प्रश्नामागे सव्वा मार्काहून जास्त पदरात पडते. तेव्हा दोन खरोखर बाद झाले असतील तर खूण करा. ‘खरोखर’ म्हणजे ज्यांच्यातला खोटा शब्द तुम्हाला दाखवता येतो ते. नुसते आवडले नाहीत म्हणून सोडलेले पर्याय यात धरायचे नाहीत.

वेळ पुरत नाही

एनडीएची जनरल अ‍ॅबिलिटी टेस्ट १५० मिनिटांत १५० प्रश्नांची. सीडीएसचा इंग्रजी पेपर १२० मिनिटांत १२०. दोन्हीकडे प्रश्नामागे एक मिनिट. समानार्थी शब्दाचा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटतो, तो वाचलेला वेळ उताऱ्याला मिळतो. म्हणजे वेळ बऱ्यापैकी असतो. तो जातो कुठे, ते शोधावं लागतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा तो बहुतेकदा मनातल्या मनात भाषांतर करण्यात जातो. प्रत्येक वाक्य मराठीत आणून मगच पुढे जायचं, अशी सवय लागलेली असते. ती एका झटक्यात सुटत नाही, पण एक युक्ती उपयोगी पडते: वाक्याच्या ऐवजी परिच्छेदाच्या शेवटी थांबायचं आणि एवढंच विचारायचं, ‘इथे लेखक काय म्हणाला?’ उत्तर मराठीत सुचलं तरी चालेल. अडलेल्या शब्दापाशी मात्र थांबायचं नाही. पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ बऱ्याचदा उघड होतो, आणि कित्येकदा त्या शब्दावर प्रश्नच नसतो.

काही जणांचा वेळ उतारा दोन-तीनदा पहिल्यापासून वाचण्यात जातो. पहिल्या वाचनात कुठली गोष्ट कुठल्या परिच्छेदात आहे एवढं लक्षात राहिलं, तर पुन्हा फक्त तेवढ्याच जागी जावं लागतं.

आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा, यावर मुलं हिरिरीने वाद घालतात. माझं मत असं: प्रश्नांवर एक नजर टाकायला हरकत नाही, पण पर्याय आधी वाचू नयेत. चारातले तीन पर्याय खोटे असतात. ते डोक्यात घेऊन उतारा वाचायला बसलं की त्यांचीच छाया मजकुरावर पडते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एनडीए-सीडीएस घेणाऱ्या यूपीएससीच्या प्रश्नपुस्तिकेवर सूचना असते की रोल नंबरखेरीज त्यावर दुसरं काही लिहायचं नाही. कच्च्या कामासाठी शेवटी कागद जोडलेले असतात. घरी मात्र पेन्सिल घेऊन ओळीखाली ओळ मारत सराव चालतो. परीक्षेत तो आधार काढून घेतला की वाचन डळमळतं. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा तर संगणकावरच असते, दोन तासांत १०० प्रश्न. तिथे अधोरेखन नाही, कागद वळवून बघणं नाही. सुरुवातीचे काही आठवडे पेन्सिल वापरा, पुढे ती बंद करा. आणि ज्या परीक्षेला बसणार आहात तिच्याप्रमाणे वाचा: एनडीए-सीडीएससाठी छापील कागदावर, एएफकॅटसाठी मोठ्या स्क्रीनवर. मोबाइलवर बोटाने सरकवत केलेला सराव या दोन्हींपैकी कशाच्याच जवळ जात नाही.

उतारे खूप सोडवले, मार्क तेवढेच

मग उत्तरं तपासल्यावर पुढे काय करता, ते सांगा. बहुतेक जण पाचापैकी तीन असा आकडा लिहितात, बरोबर उत्तर काय होतं ते बघतात, ‘हां, बरोबर’ म्हणतात आणि पुढचा उतारा उघडतात. शिकण्याची जागा नेमकी तिथे होती, आणि ती ओलांडून ते पुढे गेले.

चुकलेल्या प्रश्नांची एक वही ठेवा. बरोबर उत्तर का बरोबर, हे त्यात लिहायची गरज नाही. आपण निवडलेला पर्याय आपल्याला का पटला, ते एका ओळीत लिहा. ‘तुलना मी केली, उताऱ्यात नव्हती.’ ‘प्रश्नातला नॉट वाचला नाही.’ ‘तपशील होता, मुख्य मुद्दा समजलो.’ ‘शब्दाचा पाठ असलेला अर्थ लावला, वाक्यात घालून बघितला नाही.’ वीस-पंचवीस नोंदी झाल्या की आपल्या चुका दोन-तीन प्रकारच्याच आहेत असं दिसायला लागतं. त्या प्रकारावर लक्ष ठेवून दिवसाला दोन उतारे सोडवणं हे डोळे झाकून दहा सोडवण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. बरोबर आलेलं उत्तर अंदाजाने आलं असेल तर तेही वहीत गेलं पाहिजे. यात टाळाटाळ होते, कारण मिळालेल्या मार्कावर शंका घ्यायला जीवावर येतं.

घड्याळ पहिल्याच दिवशी लावू नका. आधी वेळेचं बंधन न ठेवता उत्तरं बरोबर यायला लागू द्यात, मग वेळ आवळा. उलट केलं की घाईची सवय आधी मुरते.

सराव कशावर करायचा

मागच्या वर्षांचे पेपर यूपीएससीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. तेवढेच आधी संपवा. बाजारातल्या अनेक सराव संचांत पर्याय घाईने लिहिलेले असतात, दोन-दोन उत्तरं बरोबर वाटतात, आणि अशा उताऱ्यांवर घासून घेतलं की नीट वाचणाऱ्याचाही स्वतःवरचा विश्वास उडतो. एनडीएवाल्यांनी स्वतःचे पेपर संपल्यावर सीडीएसचे उतारे घ्यावेत.

‘रोज इंग्रजी पेपर वाच’ हा सल्ला चांगला आहे, पण अर्धवट. बातम्यांतून नावं आणि तारखा टिपून काढल्या तर त्याने जीके सुधारतं. आकलनासाठी एक अग्रलेख पुरे. तो वाचा, बाजूला ठेवा आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. मग परत लेख उघडून तुमच्या वाक्यात लेखकाने न म्हटलेलं काही शिरलंय का, ते बघा. पहिले काही दिवस हमखास शिरलेलं सापडेल.

परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिका द्यावी लागते, प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, त्यातले उतारे पुन्हा सोडवा आणि कुठल्या प्रश्नाला काय विचार करून खूण केली होती ते वहीत टिपून ठेवा. एनडीए आणि सीडीएस दोन्ही वर्षातून दोनदा होतात. पुढच्या खेपेला बसायचं असेल तर अभ्यास त्या नोंदींपासून सुरू करता येईल.