गिअर घसरत होता, गिअरबॉक्स मात्र शाबूत होता

आमची ऑटोमॅटिक एसयूव्ही १४ वर्षांची. मे महिन्यात सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटात इंजिनाचे आरपीएम वाढायचे, पण गाडी पुढे ओढायचीच नाही. थांबून डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकली की दोन सेकंदांनी धक्का बसायचा. एका गॅरेजने थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. पोटात गोळाच आला.

होटगी रोडवरच्या जुन्या मिस्त्रीकाकांनी आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं. गाडी गरम, इंजिन चालू, सपाट जागा. आमच्या गाडीत तेव्हाच डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, खरी पातळी दाखवते. पातळी कमी, रंग काळपट, वास जळका. हे ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर गळती होती. गिअरबॉक्सखालचं ऑइलचं पॅन उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर नुसता बारीक राखाडी चिखल होता, म्हणजे नेहमीची झीज; धातूचे तुकडे नव्हते. ते बघून जीव भांड्यात पडला.

पाइप आणि फिल्टर बदलले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरलं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, जुनं ऑइल राहतंच, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदललं. मशीनच्या दाबाने जुनं ऑइल बाहेर ढकलणारं फ्लश करू दिलं नाही, जुन्या गिअरबॉक्सवर ती जोखीम मला पटत नाही.

परवा आईला घेऊन तोच घाट चढलो. एकदाही घसरली नाही.