फोर-के मॉनिटर आणि लिंपलेली लाल अक्षरं

नवा फोर-के (३८४०×२१६० पिक्सेलांचा) मॉनिटर जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडला तर माउसचा बाण अडखळत पळायला लागला. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघितला: ३० हर्ट्झ! म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक चित्र. ६० निवडल्यावर बाण सुरळीत झाला, पण काळ्यावरची लाल अक्षरं कडेला लिंपल्यासारखी दिसू लागली. काळं-पांढरं मात्र स्वच्छ, त्यावरूनच शंका आली. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा फॉरमॅट ४:२:० निघाला. त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. लॅपटॉपचं एचडीएमआय जुन्या १.४ आवृत्तीचं, त्याची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, पूर्ण रंगातलं फोर-के ६० हर्ट्झ त्यात मावतच नाही. दुकानदार महागडी केबल गळ्यात मारत होता, पण पोर्टच जुनं असेल तर सोनेरी टोकाची केबल काय करणार? नशिबाने लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट १.२ हे जास्त क्षमतेचं दुसरं पोर्ट होतं. त्यावर जोडलं, फॉरमॅट आरजीबी (प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग) केला, अक्षरं धारदार. सिनेमा बघताना ४:२:० खटकत नाही, बहुतेक व्हिडिओ त्यातच असतात. नुसतं एचडीएमआय १.४ असेल तर २५६०×१४४० वर ६० हर्ट्झ पूर्ण रंगात मिळतं, अक्षरं जरा मऊ दिसतात एवढंच.